न वाजणारा कोसा

लातूर जिल्हा झाला आणि आमचं जंगल सुटलं. तिकडे लोकांनी पेढे वाटले म्हणे. आम्ही तेव्हा नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला, किनवटच्याही पुढे, जंगलखात्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. वडील वनरक्षक होते. नव्या जिल्ह्याला नव्या कचेऱ्या, कचेऱ्यांना माणसं, आणि ती माणसं कुठून तरी उचलून आणायची, म्हणून वडिलांच्या हातात बदलीचा कागद पडला. "लातुरात जंगल हाय व्हय?" आईनं विचारलं. तिचं माहेर औशाजवळचं, तो सगळा मुलूख तिच्या पायाखालचा. वडील म्हणाले, "झाडं लावायची हायेत तिथं." "आन् हितली हायेत ती कोण बघणार?" यावर वडील मूग गिळून गप्प बसले. इतकी वर्षं खात्यात राहून ते एवढंच नीट शिकले होते, असं मला तेव्हा वाटायचं.

मला राग लवकर येतो आणि आला की मुक्कामालाच राहतो. अलीकडेच मुलांसाठीचं एक रंगीत पुस्तक हातात आलं. त्यात फुलपाखराला चार पानं आणि पतंगाला चार ओळी. पतंग मळकट असतो, दिव्यावर झेप घेऊन मरतो आणि कपडे कुरतडतो, बस. मी ते पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं आणि त्या ओळींवर पेन्सिलीनं काट मारली. पुस्तक दुसऱ्याचं होतं, तरी मारली. ज्या पतंगाबरोबर मी लहानपणी एका खोलीत राहिले त्याला खायला तोंडच नव्हतं. ज्याला तोंड नाही त्यानं कपडे कुरतडायचे कशानं? घरातली पेटी फस्त करणारी कसर वेगळी, ती नखाएवढीसुद्धा नसते. पण एकाच्या चोरीसाठी सगळ्या जमातीला धरून झोडपायची सवय माणसांना जुनीच आहे, आणि आमच्या घरात ती जरा जास्तच माहीत होती.

तर आमच्या खोल्यांच्या मागे ऐनाची झाडं होती. पावसाळ्यात त्यांच्यावर एक अळी यायची. अळी म्हटल्यावर तोंड वाकडं करू नका. हिरवीगार, वडिलांच्या अंगठ्याएवढी जाड, आणि अंगाच्या कडेला चांदीचे बारीक ठिपके. ती पानाच्या खालच्या बाजूला उलटी चिकटायची, म्हणून वरून पाखराला दिसायची नाही. खायची मात्र दिवसरात्र. झाडाखाली कान देऊन उभं राहिलं की पानं कुरतडल्याचा आवाज यायचा. जन्मभराचं सगळं खाणं तिला याच वयात उरकून घ्यायचं असतं, कारण पुढे पंख आल्यावर तोंड राहत नाही. चार वेळा ती कात टाकते, दरवेळी मोठी होते, आणि मग एक दिवस खाणं थांबवून घर विणायला घेते.

हे घर विणणं मी तासन्‌तास बघितलेलं आहे. आधी ती फांदीभोवती स्वतःच्या धाग्याचं कडं घालते, घट्ट. त्या कड्याला देठासारखी चिवट दोरी काढते आणि त्या दोरीला लटकतं असं स्वतःभोवती कवच विणते. एवढा खटाटोप कशाला, तर उन्हाळ्यात ऐनाची पानं गळतात. पानावर घर बांधलं तर पानाबरोबर ते खाली येणार. हे त्या अळीला कळतं. आमच्या त्या दोन खोल्या बांधणाऱ्यांना पावसाचं पाणी कुठून आत शिरेल हे कळलं नव्हतं. तिकडची माणसं त्या कवचाला कोसा म्हणायची. कबुतराच्या अंड्याएवढा, राखेच्या रंगाचा, आणि इतका टणक की दातानं फुटत नाही. मी दातानं करून बघितलेलं होतं.

निघायच्या दिवशी ट्रकमध्ये सामान चढत होतं तेव्हा मी मागच्या ऐनावर चढले आणि दोन कोसे लटकलेली एक फांदी मोडून घेतली. जंगल आमच्याकडून काढून घेतलं जात होतं, तर त्यातलं थोडं मीही काढून घेतलं. ती फांदी मी माझ्या फ्रॉकांच्या गाठोड्यात घातली आणि लातूर येईपर्यंत गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

लातुरात पत्र्याची एक खोली मिळाली. समोर डाळीची मिल. दिवसभर तुरीचा भुसा उडायचा आणि आईनं झाडलेलं घर तासाभरात पिवळं व्हायचं. पावसानं पाठ फिरवल्याचं ते दुसरं साल होतं. गल्लीत टँकर यायचा आणि आला की बायका घागरी घेऊन धावायच्या. जिल्हा झाल्यावर सगळं होणार, असं लोक एकमेकांना सांगायचे. कचेरीवर नवी पाटी लागली, साहेबांना नव्या खुर्च्या आल्या, टँकर मात्र तोच जुना, गळका, येता येता अर्धं पाणी रस्त्याला पाजणारा. मला तर वाटायचं, आम्हाला इथं आणून टाकणारा माणूस एकदा त्या रांगेत उभा करावा.

फांदी वडिलांना तिथं सापडली. मला वाटलं आता बोलणी बसणार, पण ते उकिडवे बसले आणि त्यांनी एक कोसा माझ्या कानापाशी धरून हलवला. आत खुळखुळ वाजलं. मग दुसरा हलवला. वाजलं नाही. आत काहीतरी जड, मऊ, एकदाच कलल्यासारखं झालं आणि थांबलं.

"वाजला त्यो मेला, माय," ते म्हणाले. "आतलं वाळून गेलं, म्हून वाजतंय. जिता असतो त्यो जड ऱ्हातो. त्याला वाजाया जागाच न्हाई."

"फुटंल कवा?"

"पाऊस पडला की. ओल लागली की आतलीला कळतं. न्हाई पडला तर थांबती. एखादी तर पुढल्या सालापस्तोर बी थांबती."

आई पोळपाटावरून उठून आली. तिनं दोन्ही कोसे आळीपाळीनं हलवून बघितले आणि ती हसायलाच लागली. "उलटंच हाय की ह्ये! शेंग वाजली तर पक्की, न्हाई वाजली तर पोचट." तिचीही चूक नव्हती. औसा, लातूर, हा सगळा शेंगांचा मुलूख. भुईमुगाची शेंग वाळली की आतला दाणा सुटा होतो आणि वाजतो. बाजारात माल आला की अडत्या मूठभर शेंगा उचलतो, कानापाशी हलवतो आणि वाजल्या तर मान डोलावतो. न वाजणारी शेंग एकतर ओली, नाहीतर पोकळ. हे तिथल्या लेकरालाही शिकवावं लागत नाही. माझं सगळं रामायण या एका सवयीतून झालं.

पाऊस आला नाही. जून गेला, जुलै गेला. शाळा सुरू झाली तसं मुलांना घरून पाण्याची बाटली आणायला सांगितलं, कारण शाळेच्या हौदात पालीशिवाय काही उरलं नव्हतं. अशात एक दिवस विज्ञानाच्या सरांनी वर्गात जाहीर केलं की नव्या जिल्ह्याचं पहिलं विज्ञान प्रदर्शन आपल्याच शाळेत भरणार आणि मोठे साहेब बघायला येणार. कुणाकडे काही वेगळी वस्तू असेल तर आणा. मी दुसऱ्याच दिवशी फांदी घेऊन गेले. मला त्या शाळेत अजून कुणी नावानं हाक मारत नव्हतं. सगळे किनवटवाली म्हणायचे. मला वाटलं, आता म्हणणार नाहीत.

सर माणूस वाईट नव्हते, हे मी आज कबूल करते, तेव्हा केलं नसतं. त्यांच्या घरी अडतीचं दुकान होतं आणि ते शाळा सुटली की तिथंच बसायचे. मी त्यांना सगळं सांगितलं. अळी, कडं, कवच, तोंड नसणं, सगळं. ते कौतुकानं ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "यातला जिवंत कोणता?" मी दाखवला. त्यांनी दोन्ही कोसे हातात घेतले, आणि घेतल्याबरोबर, अगदी आपोआप, त्यांचा हात कानापाशी गेला.

"हा बघ, हा वाजतो. म्हणजे आत भरलेलं आहे. हा दुसरा मुका आहे. पोचट."

"सर, उलटं हाय. वाजतो त्यो मेलाय."

"अगं, जन्म गेला माझा शेंगा वाजवण्यात. तू मला शिकवायला लागलीस?"

वर्ग खदखदून हसला. सरही हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण पाचवीतल्या मुलीच्या मस्तकातली आग कुणाला दिसते? सरांनी तिथंच बेत ठरवून टाकला. वाजणारा कोसा काचेच्या बरणीत ठेवायचा आणि त्यावर चिठ्ठी लावायची, 'जिवंत'. मुका कोसा साहेबांसमोर ब्लेडनं उभा कापायचा, म्हणजे आतली रचना दिसेल, प्रात्यक्षिक होईल. पोचटच आहे, वाया काही जात नाही. त्यांनी दोन्ही कोसे फांदीवरून काढून कपाटात ठेवले आणि किल्ली खिशात टाकली. माझी वस्तू, माझी माहिती, आणि किल्ली त्यांच्या खिशात.

मी घरी येऊन वडिलांना म्हणाले, उद्या शाळेत चला आणि सरांना सांगा. नुसतं एक वाक्य सांगा. वडील त्या वेळी औशाच्या रस्त्याकडेला रोपं लावण्याच्या कामावर होते. भर दुष्काळात खड्डे खणायचे, त्यात सुबाभळीची रोपं लावायची, आणि त्यांना घालायला कधीमधी टँकर यायचा. त्या दिवशीच बायकांनी तो टँकर अडवला होता. माणसाच्या घशाला कोरड आणि झाडाला टँकर, म्हणून त्या वडिलांना नाही नाही ते बोलल्या होत्या. वडिलांनी सगळं पाणी त्यांना भरू दिलं होतं आणि वर खात्याच्या साहेबांची बोलणीही खाल्ली होती. ते भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "सरांना मी काय सांगू माय? त्ये शिकलेले हायेत."

"तुमाला जास्त माहीत हाय!"

"माहीत असून काय व्हतं."

आमच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा ते गावात कुणापुढे झुकले नाहीत, असं आमच्या घरात अभिमानानं सांगितलं जायचं. त्यांचा मुलगा, अंगावर सरकारी खाकी, जंगलातलं पान न्‌ पान ओळखणारा, एका मास्तरासमोर जाऊन एक वाक्य बोलायला तयार नव्हता. मी त्या संध्याकाळी जेवले नाही. आईनं चार वेळा बोलावलं आणि पाचव्या वेळी ताट उचललं.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉलमध्ये टेबलं मांडली होती. आमच्या टेबलावर पांढरी चादर, काचेची बरणी, त्यावर सरांच्या सुबक अक्षरात 'जिवंत', आणि समोर पुठ्ठ्यावर मुका कोसा. बाजूला पेन्सिलीला टोक काढायचं अर्धं ब्लेड. मला बाजूला उभं राहून माहिती सांगायची होती. साहेब दोन टेबलं पलीकडे आले तसे सरांनी ब्लेड उचललं, एक रेघ आधीच पाडून ठेवू म्हणाले आणि कोसा बोटांत धरला. मी तो त्यांच्या बोटांतून ओढून घेतला आणि मूठ आवळली.

सर आधी हळू आवाजात म्हणाले, "दे." मग जरा मोठ्यानं. मग त्यांनी पट्टी घेतली आणि माझ्या मुठीवर मारली. तीनदा मारली. मला दुखलं. पण त्याहीपेक्षा मला भीती वाटत होती की मीच मूठ इतकी आवळीन की आतला जीव चिरडेल. कोसा टणक असतो हे माहीत असूनही वाटत होतं. चौथी पट्टी बसायच्या आत साहेब समोर आले आणि पट्टी चादरीखाली गेली.

साहेबांनी बरणी उघडली, आतला कोसा काढला आणि काय केलं असेल? कानापाशी नेऊन हलवला. तेही शेंगांच्याच मुलखातले. "अरे वा," ते म्हणाले, "खरंच की, आत काहीतरी आहे!"

"साहेब, त्यो मेलाय," मी म्हणाले. "जिता हितं हाय, मह्या मुठीत."

सरांचा चेहरा उतरला. साहेब मात्र खाली वाकले. "असं? तुला कुणी सांगितलं?"

"बाबांनी. जंगलखात्यात हायेत."

साहेब सरळ झाले आणि मागच्या मंडळींकडे बघून हसले. "लातुरात जंगलखातं! जंगल सापडलं तर आम्हालाही दाखवा म्हणावं तुझ्या बाबांना." सगळे हसले. सर सगळ्यांत मोठ्यानं हसले. माझी मूठ कुणी उघडायला सांगितली नाही, कारण तोवर सगळे पुढच्या टेबलापाशी पोचले होते. तिथं पाण्याशिवाय शेती असा काहीतरी तक्ता होता.

आमच्या टेबलाला बक्षीस मिळालं. मेलेल्या कोशाची बरणी शाळेच्या काचेच्या कपाटात गेली, 'जिवंत' या चिठ्ठीसकट. मला उर्मटपणाबद्दल आठवडाभर विज्ञानाच्या तासाला वर्गाबाहेर उभं राहायला लागलं. तिथून ते कपाट समोरच दिसायचं.

त्या आठवड्यात मी ठरवलं की सरांना आता दाखवायचंच. पाऊस येत नाही ना, मग मी पाडते. सकाळी तोंड धुवायला आई एक तांब्या पाणी द्यायची. त्यातलं निम्मं मी वाचवायचे. मुठीतला कोसा घरी आणून मी पुन्हा फांदीला बांधला होता आणि फांदी खोलीच्या कोपऱ्यात टांगली होती, तिच्याभोवती जुन्या गोणपाटाचा तुकडा बांधला आणि त्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायला लागले. कोशावरही चार थेंब. आईच्या लक्षात आलं तेव्हा ती भडकली. गल्लीत बायका एका घागरीवरून झिंज्या ओढताहेत आणि ही किड्याला आंघोळ घालतीय! मी म्हणाले, मह्या वाटणीचं हाय, मी तोंड न्हाई धुणार. वडील दारात बसून बघत होते. ते काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं मी तेव्हा मोजतच नव्हते.

दहाएक दिवसांनी, दिवेलागणीला, आई कंदिलाची काच पुसत असताना कोशाच्या देठाकडचं टोक ओलं दिसलं. चहाचा डाग पडावा तसा डाग. आतला जीव एक रस सोडतो, त्यानं ते टणक विणकाम मऊ पडतं, आणि मग तो डोक्यानं धागे बाजूला सारत बाहेर येतो. दात नाहीत, तोंड नाही, नख नाही. नुसतं पाणी आणि डोकं. आधी पाय आले, मग केसाळ डोकं, मग ओलं, लठ्ठ अंग आणि चुरगळलेल्या चिंधीसारखे पंख. मला वाटलं, माझ्या मुठीनंच पंख मोडले. वडील म्हणाले, "थांब. हात लावू नको."

ती फांदीवर चढली आणि खाली लोंबकळत राहिली. पंख हळूहळू उलगडत गेले, आणि उलगडणं थांबेचना. माझ्या पंजापेक्षा मोठे, हळदीत थोडी माती कालवावी तसे. चारही पंखांवर एकेक डोळा, आणि त्या डोळ्यांच्या मध्ये आरपार काच, पलीकडचा कंदील दिसेल अशी. पाखरू जवळ आलं की ती पंख फटकन उघडते, पाखराला वाटतं कुणीतरी मोठं आपल्याकडे बघतंय, आणि ते पळतं. आई, जी दिसेल त्या किड्यावर झाडू उगारायची, काच पुसायची विसरून बसली होती. "अगं बाई, एवढ्याश्यात ही एवढी मावली कशी?" वडिलांनी तिच्या मिशांकडे बोट दाखवलं. नराच्या मिशा रुंद असतात, फणीसारख्या, दुरून येणारा वास त्यात अडकतो. हिच्या बारीक होत्या. "मादी हाय," ते म्हणाले, आणि उठून बाहेर गेले.

सकाळी मी तिला फांदीसकट शाळेत नेलं. दिवसा ती हलत नाही, फांदीला धरून बसून असते. मी सरांच्या टेबलावर फांदी ठेवली आणि वाट बघत उभी राहिले. मला ते कोशाचं भोक आणि ही मादी आणि त्यांचं ओशाळलेलं तोंड, एवढं एकत्र बघायचं होतं. खरं सांगते, त्या दिवशी मला पतंग नकोच होता, मला सरांची फजिती हवी होती. सरांनी चष्मा सारखा केला, वाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "मुलांनो, या! आपल्या प्रदर्शनातला कोसा फुटला! मी म्हणालो होतो ना, आत जीव आहे?" सगळा वर्ग टेबलाभोवती जमला. सरांनी छान शिकवलं, माझीच वाक्यं जशीच्या तशी वापरून. कपाटात चिठ्ठी तशीच होती. त्यांना आठवतसुद्धा नव्हतं की कोसा कोणता. इतका राग घेऊन मी आले होते आणि तो ठेवायला त्यांच्या चेहऱ्यावर जागाच नव्हती.

घरी आणल्यावर ती खिडकीच्या गजाला धरून बसली. पहाटे मला जाग आली की ती तशीच दिसायची, शेपटीचं टोक जरासं बाहेर काढलेलं, पंख किंचित थरथरणारे. आई म्हणाली थंडी वाजत असेल. तिसऱ्या दिवसापासून तिनं अंडी घालायला सुरुवात केली. गजावर, कॅलेंडरवर, वडिलांच्या खाकी टोपीवरसुद्धा. चपटी, फिकट, ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान. मी एकूण एक अंडं अलगद काढून पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवलं. अळ्यांना ऐन मिळणार नव्हता, पण बोरीचा पाला चालतो हे मला माहीत होतं, आणि मिलच्या मागे एक बोर होती. मी काट्यांनी हात ओरबाडून घेत रोज ताजा पाला आणायचे. यातून चाळीस-पन्नास पतंग निघणार होते. मग मी पुन्हा शाळेत जाणार होते.

आठव्या दिवशी ती खाली पडलेली सापडली. उचलली तर वजनच नव्हतं. अंड्यांमधून काही निघालं नाही. आणखी चार दिवसांनी अंडी मधोमध खचायला लागली. मी डबा घेऊन वडिलांकडे गेले.

"अळ्या कामून न्हाई निघाल्या?"

"नर न्हाई आला ना, माय. नराबिगर अंडी रिकामीच ऱ्हातात."

"कामून न्हाई आला?"

"कुठून यील? ती चार राती वास सोडून बोलावून राहिली. मी बघत होतो. किनवटात असती तर पयल्याच राती कोसभरावरून आला असता. हितं कोण हाय तिचं?"

मला समजायला थोडा वेळ लागला. "तुमाला माहीत होतं?"

"हाव. तू पाणी शिंपडाया लागलीस तवापासून. तिला वाटलं पाऊस आला."

"मंग सांगितलं कामून न्हाई!" मी ओरडले. डबा माझ्या हातातून पडला.

वडील खाली बसून अंडी वेचायला लागले, एकेक, जणू त्यांचा अजून काही उपयोग होता. वर न बघता म्हणाले, "तू इचारलं न्हाईस. तू सरांवर रागात होतीस."

महिनाभर मी गल्लीभर ओरडत होते की सरांनी मला विचारलं नाही, साहेबांनी विचारलं नाही, ज्याला माहीत आहे त्याला कुणी विचारत नाही. ज्याला माहीत होतं तो माझ्यापासून हातभर अंतरावर झोपत होता. पुढच्याच महिन्यात वडील कागदपत्रं द्यायला किनवटला जाऊन आले. जाताना त्यांच्या सदऱ्याचा खिसा रिकामा होता. पाऊस नव्हता, ती खुशाल थांबली असती, आणि कोसा त्या खिशातून सहज परत ऐनापाशी गेला असता. सरांच्या ब्लेडनं एका मिनिटात तिचं सगळं संपवलं असतं. मी तिला खोटा पाऊस दाखवून उठवलं आणि जिथं कुणी येणार नव्हतं तिथं चार रात्री हाका मारायला लावल्या.